शिवराईचे किती येतील?

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल वांगणी सोडते आणि नेरळच्या आधी शेलू येतं. भाताच्या खाचरांचं हे गाव आता इमारतींच्या जाहिरातींत जास्त दिसतं. जुनी कौलारू घरं पाडली जातात, पाया खोदला जातो, देवघर नव्या फ्लॅटमध्ये हलवलं जातं. अशा हलवाहलवीत इथेच नव्हे, महाराष्ट्रात कुठेही एक वस्तू हमखास हाताला लागते. हल्लीच्या रुपयाच्या नाण्याएवढा तांब्याचा तुकडा. जाड, काळपट, धड गोल नाही. एका बाजूला तीन ओळी असाव्यात असं वाटतं, दुसऱ्या बाजूला दोन. नीट निरखलं तर ‘श्री’चं वळण दिसतं. आजी म्हणते, शिवराई आहे, देवाजवळ ठेव. आणि नातू फोटो काढून विचारतो, याचे किती येतील?

प्रश्नात काही गैर नाही. नाणं ही मुळात किंमत विचारण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे. पण या प्रश्नाचं उत्तर आज फोनवर जसं मिळतं तसं ते याआधी कधीच मिळत नव्हतं. ‘तुमच्याकडे हे जुनं नाणं असेल तर तुम्ही लखपती’ अशा व्हिडिओंना तोटा नाही. खाली नंबर असतो, फोन केला की ‘रजिस्ट्रेशन फी’ मागतात, मग ‘टॅक्स’ मागतात. नाणं तुमच्याकडेच राहतं आणि खात्यातले पैसे जातात. हे प्रकार इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कुठलीही फी घेत नाही आणि आपल्या वतीने ती घ्यायला तिने कुणाला नेमलेलंही नाही.

साध्या, झिजलेल्या शिवराईचं खरं उत्तर अगदी मिळमिळीत आहे: काही शेकडे रुपये, कधी तेवढेही नाहीत. कारण शिवराया भरपूर आहेत. आणि त्या भरपूर का आहेत, या प्रश्नात खरी गोष्ट आहे.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं. शेलूचा हा पट्टा त्या कल्याण प्रांताच्या पाठीमागचा, घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचा. पण तेव्हा लगेच शिवराई आली नाही. नाण्याच्या एका बाजूला ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’ असा मजकूर असतो. छत्रपती ही पदवी राज्याभिषेकाची, म्हणजे १६७४ ची. त्याच वेळी सोन्याचा होनही पाडला गेला. होन फारच थोडे उरले आहेत आणि एखादा लिलावात आला की बातमी होते. लाखांचे व्हिडिओ त्या होनाच्या नावावर चालतात आणि आपल्या हातात असते शिवराई.

तेव्हा चलनात असलेली बहुतेक नाणी फारसी लिपीतली होती. पुढे खुद्द मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेल्या चांदीच्या रुपयांवरही मोगल बादशहाचंच नाव राहिलं, सोबत अंकुशासारखी एखादी खूण. बाजाराला ओळखीचं नाणं हवं असतं आणि चांदीचा रुपया दूरवर फिरतो, त्यामुळे यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. तांब्याचा पैसा मात्र गावातच फिरतो. मीठ, तेल, विडीकाडी त्यावर घेतली जाते. त्या पैशावर देवनागरीत राजाचं नाव आलं. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याच्याही कमरेच्या कशात ते नाव गेलं.

राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता. तहाच्या कलमांत एक मागणी अशी होती, की मुंबईत पाडलेली इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. उत्तर आलं ते मोठं व्यवहारी होतं. कुठलंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते घ्यायची सक्ती आम्ही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं कसाचं आणि वजनाचं असेल तर ते चालेलच. म्हणून ते कलम लिहायची गरज नाही. नाण्यावर कुणाचा छाप आहे यापेक्षा त्यात धातू किती आणि कसा, हे बघणारं ते जग होतं. हे ध्यानात ठेवलं तर पुढचं बरंच उलगडतं.

शिवराई शिवाजी महाराजांबरोबर संपली नाही. संभाजी महाराजांची ‘शंभू’ नावाची नाणी आहेत, राजारामांची आहेत, शाहूंची आहेत. पण शिवाजी महाराजांचंच नाव असलेली शिवराईसुद्धा पुढे पेशवाईभर पाडली जात राहिली. मजकूर तोच. लोकांना ओळखीचा, म्हणून चालणारा. त्यामुळे तुमच्या हातातली शिवराई महाराजांच्या हयातीतली असेलच असं नाही. बहुतेक शिवराया नंतरच्याच आहेत. ठिपक्यांची कड असलेल्या, सुबक अक्षरांच्या शिवराया जुन्या, असं संग्राहक मानतात. पुढच्या काळात अक्षरं ढोबळ होत जातात, काहींवर दोन आडव्या रेघा येतात, त्यांना ‘दुदांडी’ म्हणतात.

त्या पाडल्या जात होत्या कुठे? इथे रायगडवाल्यांनी कान टवकारावेत. १७४४ मध्ये पेशव्यांनी टांकसाळ चालवायचे परवाने दिल्याची नोंद न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशवे दप्तरातून काढून दाखवली आहे. एक परवाना नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना आणि दुसरा रेवदंड्याच्या बहिरो राम दातारांना. मुदत तीन वर्षांची, सरकारात भरायची रक्कम वर्षागणिक वाढती. म्हणजे नाणी पाडणं हे आजच्यासारखं उंच भिंतींआडचं सरकारी काम नव्हतं, ते मक्त्याने दिलं जात होतं. मक्तेदार नफा बघणार हे उघड आहे. हलक्या कसाची नाणी निघू लागली, की सरकार दटावायचं, टांकसाळी बंद करायचं आणि काही वर्षांनी पुन्हा कुणाला तरी परवाना द्यायचं.

शिवराई पाडायची रीतही बघून ठेवा. तांब्याचे तुकडे पाडून, ठोकून चकत्या करायच्या. खालचा ठसा पक्का बसवलेला, वर चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि त्यावर घण. चकती जरा सरकली की मजकूर कडेबाहेर. ठसा चकतीपेक्षा मोठा असला तर पूर्ण मजकूर बसतच नाही. ठसा कोरणाऱ्याला वाचता येत असेलच असंही नाही. म्हणून कुठे ‘शिव’, कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’, तर कुठे अक्षर चक्क उलटं. शुद्धलेखनाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी शिवराया बघू नयेत.

इतक्या टांकसाळी, इतके प्रकार. मग बाजारात घ्यायचं काय आणि नाकारायचं काय? हे ठरवणारा माणूस म्हणजे सराफ. सरकारी खजिन्यात हेच काम पोतदार करायचा. आज ते आपल्याला फक्त आडनाव वाटतं. नाणं दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचा (खणखणीत नाणं), तराजूत घालायचं, कसोटीवर घासायचं, संशय आला तर छिन्नीने छोटासा घाव घालून आत धातू तोच आहे का बघायचं. झिजलेलं, परक्या टांकसाळीचं किंवा हलक्या कसाचं निघालं तर त्यावर कापून घ्यायची रक्कम म्हणजे बट्टा. अख्ख्या, न मोडलेल्या रुपयाला बंदा रुपया म्हणायचे आणि मोडून मिळालेल्या सुट्या पैशांना खुर्दा. घराण्याच्या नावाला बट्टा लागला असं आपण म्हणतो तेव्हा डाग आणि कपात हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात असतात.

नाण्याची प्रत ठरवणं, ज्याला आजचे संग्राहक ग्रेडिंग म्हणतात, ते परदेशातून आलेलं फॅड आहे असा एक समज आहे. आपल्याकडे ते शेकडो वर्षं चालू होतं आणि त्यावर घरं चालत होती. प्रश्न तेवढा वेगळा होता. सराफ विचारायचा, यात किती धातू उरलाय?

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी. हळूहळू चांदवडी, अंकुशी आणि गावोगावचे रुपये मागे पडले. बट्ट्यावर जगणाऱ्या सराफाचं महत्त्वही ओसरलं. तांब्याची शिवराई मात्र चिवट निघाली. १९ वं शतक संपत आलं तरी पुणे आणि अहमदनगरकडे ती पाहायला मिळत होती. एक नाव, एक मजकूर आणि सव्वादोनशे वर्षांच्या आसपासचा प्रवास. आपल्याकडे २५ पैशांचं नाणं चलनातून जाऊन (३० जून २०११) अजून दोन दशकंही झाली नाहीत आणि ते नव्या पिढीच्या हातात आलेलंही नाही.

चलनातून गेलेल्या तांब्याच्या नाण्याला दोनच वाटा असतात. एक देवघराची, दुसरी तांबटाच्या भट्टीची. तिसरी वाट एका माणसाने दाखवली आणि तो मराठी नव्हता.

रेव्हरंड जेम्स एडवर्ड अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. शिवराई बाजारातून नाहीशी होत असताना त्यांनी ती गोळा करून तपासायला घेतली. थोडीथोडकी नाही, सुमारे २५ हजार नाणी त्यांनी डोळ्यांखालून घातली. मग रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात शिवरायांवर पहिला पद्धतशीर लेख लिहिला. याच सोसायटीपुढे १८९९ मध्ये रानड्यांनी मराठी राज्यातली चलनं आणि टांकसाळी या विषयावर निबंध वाचला. एकाने दप्तर वाचलं, दुसऱ्याने नाणी.

२५ हजार शिवराया एका जागी बघितल्यावर काय दिसतं? एक शिवराई घेतली तर ‘सीव’ ही चूक वाटते. हजारो घेतल्या की तो प्रकार ठरतो. एकाच ठशातून निघालेली नाणी जुळवता येतात, कुठली खूण कुठल्या अक्षरवळणाबरोबर येते ते कळतं. मजकुराचे प्रकार लावून अ‍ॅबट हेच करत होते. यात एकाही नाण्याची किंमत वाढवायचा हेतू नव्हता, आणि चकचकीत तेवढीच नाणी वेचून बाकीची टाकली असती तर हा अभ्यास झालाच नसता. हेच अ‍ॅबट पुढे अमेरिकेला परतल्यावर म्हातारपणी एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई, रामदास यांना इंग्रजीत नेत राहिले. महाराष्ट्रातल्या संतकवींवरची त्यांची पुस्तकमाला १९२६ पासून निघाली. झिजलेल्या नाण्यावरचं अक्षर लावणारा माणूस पुढे पोथ्या लावत बसला, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता आजच्या ग्रेडिंगकडे येऊ. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिलं. त्यात १ ते ७० अशी पट्टी होती. जेमतेम ओळखू येणारं नाणं १, निर्दोष नाणं ७०. कल्पना अशी, की ७० प्रतीच्या नाण्याची किंमत १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट असावी. किमतीचं हे गणित लवकरच कोसळलं, पट्टी मात्र जगभर राहिली. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या अमेरिकेत निघाल्या. नाणं तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून त्या परत देतात. त्या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. जाता जाता एक सांगायलाच हवं: हे शेल्डनसाहेब न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवत होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. प्रत ओळखण्यात माणूस वाकबगार होता, एवढं नक्की.

ही पट्टी यंत्रावर पाडलेल्या नाण्यासाठी उत्तम आहे. मुंबई इलाख्यासाठी १८०४ मध्ये बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत तांब्याचे पैसे पाडले गेले. त्यांवर एका बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’ म्हणजे न्याय. ती सगळी सारखी, गोल, पूर्ण मजकुराची. अशा नाण्याचं मूळ रूप आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे त्यातलं किती झिजलं हे मोजता येतं. तराजूच्या दोऱ्या दिसतात का, पारड्याची कड शाबूत आहे का, मोकळ्या जागेत मूळची चमक उरली आहे का, असं एकेक बघत जायचं.

शिवराईचं मूळ रूप कुठलं धरायचं? पाडतानाच ‘छत्र’मधला ‘छ’ चकतीबाहेर गेला असेल तर ती झीज नव्हे. ठसा जुना होऊन अक्षर बसकं उठलं असेल तर तीही झीज नव्हे. म्हणून जाणकार इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतात: ठसा किती नीट उठला, आणि उठल्यानंतर नाणं किती वापरलं गेलं. अक्षराचा उंचवटा सपाट झाला असेल आणि खोलगट भागही गुळगुळीत असेल तर ती वापरातली झीज. उंचवटा मऊ आहे पण खोलगट भाग खरबरीत, ताजा वाटतो, तर छापच कमी उठलाय. हे ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग, तिरका उजेड आणि पन्नासेक नाणी हाताळायची सवय लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून ते होत नाही.

घेणाऱ्याने आणखी एक सापळा ओळखावा. इंग्रजी यादीतलं ‘गुड’ म्हणजे चांगलं नाही. ते जवळजवळ तळाचं आहे, बाह्यरेषा तेवढ्या उरलेलं नाणं. त्यावर ‘फाइन’, मग ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि शेवटी ‘अनसर्क्युलेटेड’, म्हणजे चलनात न फिरलेलं. नवखा माणूस ‘गुड’ वाचून पैसे मोजतो आणि घरी आल्यावर भिंग शोधतो.

सराफाचा तो छिन्नीचा घाव आठवतोय? आजच्या ग्रेडिंगमध्ये तो दोष आहे. सराफाच्या खुणा असलेल्या चांदीच्या रुपयाची प्रत उतरते, किंमत उतरते. ज्या घावाने एकेकाळी ते नाणं खरं ठरलं, त्याच घावाने आज त्याला बट्टा लागतो. माळेत ओवायला लावलेल्या नाकीचंही तसंच. ती नाकी सांगते की हे नाणं कुणाच्या तरी गळ्यात होतं. ग्रेडिंग सांगतं, ‘माउंट काढल्याची खूण, नुकसान.’ बाजाराच्या हिशेबात हे बरोबरही आहे, न बिघडलेली वस्तू दुर्मिळ असते. पण किंमत आणि महत्त्व इथे दोन वाटांनी जातात हे ज्याला कळलं नाही, त्याने शेअर घ्यावेत. नाणी घेऊ नयेत.

याचा सगळ्यात मोठा पुरावा नाशिक जिल्ह्यात सापडला. १९०६ मध्ये जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. क्षत्रप राजा नहपान याची १३ हजार २५० नाणी, आणि त्यांतल्या ९ हजार २७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने स्वतःचा ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांची चिन्हं चढलेली, खालचा मजकूर अर्धवट दिसणारा. सुबकपणाच्या कसोटीवर ही बिघडलेली नाणी म्हणायची. पण नाशिकच्या पांडवलेण्यातला शिलालेख गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा, निःपात केल्याचं सांगतो आणि शिलालेखात राजाची स्तुती असायचीच. इथे मात्र हरलेल्या राजाचा चलनी पैसा जिंकलेल्या राजाने हाती घेऊन पुन्हा बाजारात सोडलेला दिसतो. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा अभ्यासून १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. साठा अभ्यासकाच्या हाती एकत्र आला, म्हणून हे प्रमाण कळलं. तीच नाणी एकेक करून शंभर घरांत गेली असती तर दर नाण्यावर ‘खराब झालंय’ एवढाच शेरा पडला असता.

तेव्हा शेलूत पाया खोदताना गाडग्यात नाणी लागली तर काय? यावर १८७८ चा कायदा आहे, भारतीय निखात निधी कायदा, आणि तो अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. न कळवता लपवला तर हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. कळवलं आणि मालकीचा दुसरा दावा उभा राहिला नाही, तर ठेवा सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा होतो. दोघांत करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश मालकाला. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. बहुतेकांना वाटतं की सरकार फुकट उचलून नेतं, म्हणून रातोरात सराफाकडे वितळवलं जातं. या धातूच्या किमतीच्या हिशेबात कायदा जुनाट आहे हे खरंच, तो बदलायला हवा. पण वितळवून जे मिळतं तीही शेवटी धातूचीच किंमत असते. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर विकायला नेण्याला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे, हेही परदेशी वेबसाइटवर फोटो टाकण्याआधी माहीत असावं.

ज्यांना पाया खोदायचा नाही, फक्त छंद लावून घ्यायचाय, त्यांनी आधी बघावं आणि मग घ्यावं. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, २००४ मध्ये सुरू झालेलं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली. मराठा टांकसाळींवरचा माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ग्रंथ (१९८९) तिथूनच निघाला. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे खऱ्याच्या शेजारी खोटं मांडलेलं असतं, आणि ते ओळखायला शिकायची याहून स्वस्त शाळा नाही, पैसे खिशात ठेवून गेलात तर.

खोट्यांमध्ये सगळ्यात जास्त फसवणारं नाणं म्हणजे एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. पेशवाई बुडाल्याचं साल, त्यावर देव, त्यावर कंपनी. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. हे अलीकडचे पितळी-तांब्याचे बिल्ले आहेत. देवघरात ठेवायला हरकत नाही, त्यावर कर्ज काढू नये. तांदळाचे दाणे ओढून घेणारं ‘चमत्कारी’ तांब्याचं नाणं तर थेट पोलीस ठाण्याचा विषय आहे. शिवराईच्या प्रतिकृतीही गडांच्या पायथ्याशी मिळतात. साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्यावर हवेचे बारीक खड्डे असतात, कडेला जोडाची रेघ असते, आणि दोन नाणी शेजारी ठेवली तर ती तंतोतंत सारखी निघतात. खऱ्या दोन शिवराया तशा निघत नाहीत. वजनही बघा. पूर्ण शिवराई साधारण १० ते १३ ग्रॅमची असते.

आणि मग घरातलं सगळ्यात मोठं संकट: लक्ष्मीपूजन. दिवाळीच्या आदल्या दिवशी देवघरातली नाणी चिंच, लिंबू, मीठ आणि भांडी घासायच्या पावडरीने लखलखीत केली जातात. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर ही घाण नाही. तो खालच्या धातूला जपणारा थर आहे. तो घासून काढला की अक्षराची कडही जाते, नाणं गुलाबी दिसतं आणि कुठलाही जाणकार ते लांबूनच ओळखतो. दर वर्षी थोडंथोडं करत आपण ‘श्री’ पुसतो. श्रद्धेला धक्का न लावता मार्ग काढता येतो. शिवराईला फक्त हळदकुंकू न लावता फूल वाहावं आणि घासायला इतर भांडी भरपूर असतात. मातीतून आलेलं नाणं असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ ब्रशने माती सोडवावी, एवढंच. फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी धरली असेल तर तो रोग आहे. ते नाणं इतरांपासून वेगळं करावं आणि जाणकाराला दाखवावं. मऊ पीव्हीसीच्या अल्बमात ठेवू नये. त्या प्लास्टिकमधून सुटणारं आम्ल काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर आणतं.

कोरड्या कागदाचं छोटं पाकीट पुरतं. पाकिटावर किंमत लिहू नका, ती बदलते. नाणं कुठे मिळालं, कुठल्या घरात किंवा कुठल्या शेतात, कधी, सोबत आणखी काय होतं, वजन किती आणि ‘शिव’ कसं लिहिलंय, ते लिहा. कुठल्या वळणाची शिवराई कुठल्या टांकसाळीची, हे कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. नागोठण्याच्या किंवा रेवदंड्याच्या परवान्यातून काय निघालं हे सांगायला ‘एक जुनी शिवराई, कुठलीशी’ अशा लाखभर नाण्यांचा उपयोग नाही. ‘शेलू, जुन्या घराचा उंबरठा, सोबत अर्धी शिवराई’ अशी शंभर पाकिटं मात्र उपयोगी पडतील. लिहायला पेन्सिल घ्या. कोकणातल्या पावसाळ्यात शाई पसरते.